फोन समीकरण सोडवतो, पण मांडणार कोण? रिचार्ज, ईएमआय आणि कापसाच्या भावातलं बीजगणित

धुळ्यात पांझरा नदीच्या पलीकडचं देवपूर म्हणजे कॉलेजं, होस्टेलं आणि क्लासेसचा भाग. इथल्या दहावीतल्या मुलाच्या खिशात आज असं एक यंत्र आहे की गणिताच्या पुस्तकावर कॅमेरा धरला की दोन सेकंदांत उत्तर येतं, तेही पायऱ्यांसकट. मग साहजिकच प्रश्न पडतो की 'क्ष'ची किंमत फोनच काढून देत असेल, तर आपण बीजगणित शिकायचं कशाला?

हा प्रश्न फालतू नाही. त्याचं नीट उत्तर द्यायला हवं, कारण एकीकडे गणितात पास होण्याची अट सैल करण्याची चर्चा झाली आहे आणि दुसरीकडे फोनवर मिळणारं कर्ज, रिचार्जचे प्लॅन, शेतमालाच्या खरेदीची अॅप्स असे आकड्यांचे व्यवहार वाढतच चालले आहेत. या लेखात आपण तीन-चार खरे हिशोब मांडून बघू आणि मग फुकटात कुठे शिकता येईल तेही पाहू.

आधी बातमी काय ते बघू

ऑक्टोबर २०२४ मध्ये महाराष्ट्राच्या शालेय शिक्षणाच्या नव्या अभ्यासक्रम आराखड्यातली एक तरतूद खूप गाजली. दहावीला गणित आणि विज्ञानात पास व्हायला ३५ गुण लागतात. आराखड्यात असं सुचवलं होतं की २० किंवा त्याहून जास्त गुण असतील तर विद्यार्थ्याला अकरावीला जाता यावं, पण त्याच्या गुणपत्रिकेवर शेरा असेल आणि गणित-विज्ञानावर आधारलेले अभ्यासक्रम त्याला घेता येणार नाहीत.

यामागचा विचार समजण्यासारखा आहे. फक्त गणितामुळे शाळा सुटलेली मुलं आपल्या सगळ्यांच्या ओळखीची असतात. ज्याला चित्रकला, भाषा किंवा एखादा धंदा शिकायचा आहे, त्याला वर्गसमीकरणापायी घरी का बसवायचं? पण यातून एक चुकीचा अर्थ निघू शकतो. तो म्हणजे 'सायन्सला जायचं नसेल तर बीजगणिताची गरज नाही'. पुढची उदाहरणं बघितलीत तर कळेल की कर्ज, रिचार्ज आणि माल विकणं कुठल्याही शाखेला सुटलेलं नाही.

दुसरी बातमी 'असर'च्या सर्वेक्षणाची. २०२४ च्या अहवालानुसार देशाच्या ग्रामीण भागातल्या १४ ते १६ वयाच्या ८० टक्क्यांहून जास्त मुलांना स्मार्टफोन वापरता येतो. त्यांच्यापैकी ७६ टक्क्यांनी आधीच्या आठवड्यात तो सोशल मीडियासाठी वापरला होता, तर अभ्यासाशी संबंधित कामासाठी ५७ टक्क्यांनी. त्याच्या आदल्या, २०२३ च्या अहवालात १४ ते १८ वयोगटातल्या फक्त ४३ टक्के मुलांना तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागता आलं होतं. म्हणजे फोन हातात आला, हिशोब मात्र मागे राहिला.

सोडवणं वेगळं, मांडणं वेगळं

बीजगणितात दोन कामं असतात. पहिलं म्हणजे समीकरण मांडणं: आपल्याला काय माहीत नाही ते ठरवायचं, त्याला नाव द्यायचं आणि माहीत असलेल्या गोष्टींशी त्याचा संबंध जोडायचा. दुसरं म्हणजे सोडवणं: ही संख्या त्या बाजूला न्या, चिन्ह बदला, भागा.

शाळेत आपला जास्त वेळ दुसऱ्या कामात जातो. '३क्ष + ७ = २२ सोडवा' अशी वीस गणितं. आणि नेमकं हेच काम आता यंत्राने फुकट करून टाकलंय. क्रोएशियात तयार झालेलं फोटोमॅथ (आता ते गूगलकडे आहे), गूगल लेन्स, चॅटजीपीटी, जेमिनी ही सगळी साधनं असलं समीकरण चुटकीसरशी सोडवतात. शाब्दिक उदाहरण टाकलं तर ते मांडूनही देतात.

मग माणसासाठी उरतं काय? पुस्तकातल्या शाब्दिक उदाहरणात कुणीतरी आधीच सगळी माहिती एका परिच्छेदात गोळा करून शेवटी 'तर किती?' असं विचारलेलं असतं. बाहेर कुणी असा प्रश्न विचारत नाही. मोबाइलच्या दुकानात 'नो कॉस्ट ईएमआय' एवढीच पाटी असते. त्यात एक संख्या लपलेली आहे, ती अमुक आहे आणि ती शोधायला अजून दोन आकडे विचारायला हवेत, हे ओळखणं म्हणजे मांडणी. प्रश्नच सुचला नाही तर जगातलं सगळ्यात हुशार अॅपसुद्धा गप्प बसून राहील.

आता उदाहरणं.

उदाहरण १: रिचार्जचा तेरावा महिना

जुलै २०२४ मध्ये मोबाइल कंपन्यांनी दर वाढवले. जिओचा रोज दीड जीबीचा २८ दिवसांचा प्लॅन २३९ वरून २९९ रुपये झाला आणि तेवढ्याच डेटाचा ८४ दिवसांचा प्लॅन ६६६ वरून ७९९ झाला. दर पुढेही बदलत राहतील, पण पद्धत तीच राहील.

आपण मनातल्या मनात '२९९ महिना' असं धरतो. म्हणजे वर्षाचे १२ × २९९ = ३,५८८ रुपये. पण प्लॅन महिन्याचा नाहीच, २८ दिवसांचा आहे. वर्षात किती रिचार्ज लागतील ते 'क्ष' धरू:

२८ × क्ष = ३६५
क्ष = १३.०४

म्हणजे तेरा रिचार्ज. १३ × २९९ = ३,८८७ रुपये. वर्षात महिने बारा, पण रिचार्ज तेरा. जो जास्तीचा रिचार्ज लागतो तो दरवाढीत कुठेच लिहिलेला नसतो, तो '२८' या आकड्यात बसलेला असतो. याच तक्रारींमुळे ट्रायने जानेवारी २०२२ मध्ये प्रत्येक कंपनीला निदान एक तरी ३० दिवसांचा प्लॅन ठेवायला सांगितलं.

पुढचा प्रश्न: ३० दिवसांचा प्लॅन कितीपर्यंत परवडेल? डेटा तेवढाच असेल तर रोजचा खर्च सारखा धरून मांडा:

क्ष ÷ ३० = २९९ ÷ २८
क्ष = ३२०.३६

म्हणजे तोच डेटा देणारा ३० दिवसांचा प्लॅन ३२० रुपयांपर्यंत मिळाला तर तो २८ दिवसांच्या २९९ पेक्षा स्वस्त आहे, जरी आकडा मोठा दिसत असला तरी. ८४ दिवसांचं बघा: २८ चे तीन रिचार्ज म्हणजे ८९७ रुपये, एकदम केला तर ७९९. दर ८४ दिवसांना ९८ रुपयांचा फरक. ज्याच्याकडे एकरकमी ७९९ नसतात तो हे ९८ रुपये जास्त भरतो. रोज १० रुपये बाजूला टाकले तर ८४ दिवसांत ८४० जमतात, म्हणजे पुढच्या वेळी मोठा प्लॅन जमतो. हेही एक समीकरणच आहे.

उदाहरण २: 'नो कॉस्ट' ईएमआयची कॉस्ट

समजा एका फोनची किंमत १८,००० रुपये आहे. तीन-तीन हजारांचे सहा हप्ते, व्याज शून्य. वर प्रोसेसिंग फी २०० रुपये. दुकानदाराला विचारलंत की 'रोख दिले तर?' आणि तो म्हणाला, '१६,५०० ला देतो.' (हे आकडे समजण्यासाठी घेतलेत, तुमच्या दुकानातले आकडे घालून बघा.)

इथे मांडणी अशी करायची. फोनची खरी किंमत १८,००० नाही, १६,५०० आहे, कारण तेवढ्यात तो मिळतोय. म्हणजे तुम्ही उधार घेतलेत १६,५०० आणि परत देणार १८,२००. जास्तीचे १,७०० रुपये हे व्याजच, नाव काहीही असो.

१६,५०० वर १,७०० म्हणजे दहा टक्के, असं वाटेल. पण तसं नाही. १६,५०० रुपये सहाही महिने तुमच्याकडे नसतात. दर महिन्याला तुम्ही ते फेडत जाता. पहिल्या महिन्यात तुमच्याकडे १६,५०० उधार, शेवटच्या महिन्यात फक्त सहावा भाग, म्हणजे २,७५०. सरासरी काढली तर (१६,५०० + २,७५०) ÷ २ = ९,६२५. म्हणजे सरासरी ९,६२५ रुपये तुम्ही अर्ध्या वर्षासाठी वापरलेत. वर्षाचा व्याजदर 'क्ष' टक्के धरू:

९,६२५ × (क्ष ÷ १००) × (६ ÷ १२) = १,७००
क्ष = ३५.३

शून्य टक्के म्हटलेलं कर्ज जवळजवळ ३५ टक्क्यांचं निघालं! (सरासरीची ही पद्धत अंदाजाची आहे. काटेकोर सूत्राने काढलं तरी उत्तर ३५ च्या आसपासच येतं.)

सगळ्या ऑफर अशा असतात असं नाही. रोखीची किंमत आणि हप्त्यांची बेरीज खरंच सारखी असेल तर 'क्ष' शून्य येईल, मग बिनधास्त घ्या. पण तो 'क्ष' काढायला 'रोख दिले तर किती?' हा प्रश्न विचारावाच लागतो. रिझर्व्ह बँकेने २०१३ मध्येच बँकांना बजावलं होतं की शून्य टक्के व्याज असं काही नसतं, ते बऱ्याचदा प्रोसेसिंग फीमध्ये लपवलेलं असतं.

आता तर १ ऑक्टोबर २०२४ पासून बँका आणि एनबीएफसींना नव्या किरकोळ कर्जासोबत 'की फॅक्ट स्टेटमेंट' द्यावं लागतं. त्यात व्याज आणि सगळे आकार धरून कर्जाचा वर्षाचा एकूण दर लिहिलेला असतो, त्याला एपीआर म्हणतात. क्रेडिट कार्डाच्या थकबाकीला हा नियम लागू नाही, पण अॅपवरून घेतलेल्या छोट्या वैयक्तिक कर्जात हा कागद शोधून वाचा. कायद्याने समीकरणाचं उत्तर छापायला लावलंय, पण ते कशाचं उत्तर आहे हे कळणाऱ्यालाच त्याचा उपयोग.

उदाहरण ३: कापसाचा ओलावा आणि हमीभाव

खानदेशात कापूस नाही असं घर सांगणं कठीण. २०२५-२६ च्या हंगामासाठी केंद्राचा हमीभाव लांब धाग्याच्या कापसाला क्विंटलला ८,११० रुपये आणि मध्यम धाग्याला ७,७१० रुपये आहे. भारतीय कापूस महामंडळ म्हणजे सीसीआयच्या केंद्रावर विकायचा तर आता 'कपास किसान' अॅपवर नोंदणी आणि स्लॉट घ्यावा लागतो. घरात हे अॅप चालवायचं काम बहुतेक वेळा मुलाकडे किंवा मुलीकडेच येतं. म्हणून हा हिशोब तुमचा आहे.

पूर्ण भाव ८ टक्के ओलाव्यापर्यंत मिळतो. त्यापुढे प्रत्येक टक्क्याला भावात १ टक्का कपात, आणि १२ टक्क्यांच्या वर ओलावा असेल तर खरेदीच नाही. हा नियम समीकरणात लिहू. ओलावा 'क्ष' टक्के:

भाव = ८,११० − ८१.१० × (क्ष − ८), जेव्हा क्ष ८ ते १२ च्या दरम्यान

११ टक्के ओलावा असेल तर भाव ७,८६६.७०. १२ असेल तर ७,७८५.६०. आलेख काढला तर ८ पासून हळूहळू उतरणारी सरळ रेष दिसते आणि १२ वर ती एकदम तुटते. '८ ते १२' ही अट पुस्तकात आपण विसरून जातो. इथे ती अट हाच सगळा मुद्दा आहे.

मग कापूस वाळवून ८ वर आणावा का? इथे बीजगणित गंमत दाखवतं. वाळवल्यावर भाव वाढतो, पण वजन घटतं. १२ टक्के ओलाव्याच्या १०० किलो कापसात १२ किलो पाणी आणि ८८ किलो कोरडा माल, असं धरू. वाळवून ओलावा ८ टक्क्यांवर आणला की एकूण वजन 'क्ष' किलो होईल आणि त्यात कोरडा माल ९२ टक्के असेल:

०.९२ × क्ष = ८८
क्ष = ९५.६५ किलो

त्याला पूर्ण भाव मिळाला तर ९५.६५ × ८१.१० म्हणजे साधारण ७,७५७ रुपये. न वाळवता १२ टक्क्यांनी विकला असता तर ७,७८५.६० मिळाले असते. म्हणजे जवळजवळ बरोबरीच! मीटर ओलावा कशाच्या प्रमाणात मोजतो त्यानुसार हा आकडा थोडा इकडेतिकडे होईल, पण फार नाही. कपात केली जाते ती साधारण पाण्याच्या वजनाएवढीच असते.

याचा व्यवहारातला अर्थ असा की ११ चा ८ करण्यासाठी चार दिवस जीव काढण्यात विशेष फायदा नाही, पण १४ चा १२ च्या आत आणण्यात मोठा फायदा आहे, कारण १२ च्या वर सीसीआयचं दारच बंद होतं आणि माल व्यापाऱ्याकडे जातो. मीटरवर थोडाफार फरक पडतो म्हणून १२ वर काठावर न थांबता ११ पर्यंत आणून ठेवणं शहाणपणाचं.

आता दुसरा प्रश्न. दारात येऊन खेडा खरेदी करणारा व्यापारी समजा ७,२०० रुपये रोख देतोय. केंद्रावर नेलं तर १२ टक्के ओलाव्यालाही ७,७८५.६० मिळतात, पण गाडीभाडं लागतं आणि पैसे बँकेत जमा व्हायला थांबावं लागतं. गाडीभाडं ३,००० धरलं आणि कापूस 'न' क्विंटल असेल तर केंद्रावर नेणं कधी परवडेल?

३,००० ÷ न < ७,७८५.६० − ७,२००
न > ५.१२

म्हणजे पाच क्विंटलच्या आसपास हिशोब बरोबरीत येतो. त्याहून कमी माल असलेला शेतकरी एकटा गेला तर हमीभावाची घोषणा होऊनही त्याच्या हातात कमीच पडतं. पण तीन-तीन क्विंटलवाल्या दोघा शेजाऱ्यांनी मिळून एक गाडी केली, तर 'न' सहा होतो आणि गणित फिरतं. प्रत्येकाने आपापली नोंदणी आणि स्लॉट एकाच दिवसाचा घेतला की झालं. हमीभाव छोट्या शेतकऱ्यापर्यंत का पोचत नाही, या मोठ्या प्रश्नाचा एक तुकडा एवढ्याशा असमानतेत सापडतो.

जाता जाता: लाइट बिल

महावितरणच्या बिलात 'स्थिर आकार' असतो, तो एकही युनिट वापरलं नाही तरी लागतो. त्यावर युनिटप्रमाणे 'वीज आकार' आणि 'वहन आकार'. पुस्तकातल्या रेषीय समीकरणात एक स्थिर संख्या असते आणि एक चलाबरोबर बदलणारी, तेच हे. घरगुती दर १०० आणि ३०० युनिटांच्या पुढे बदलतो. १०१ वं युनिट वापरलं की सगळं बिल महाग दराने लागतं, असा बऱ्याच जणांचा समज असतो. तसं होत नाही. पहिल्या १०० युनिटांना स्वस्त दरच लागतो, महाग दर फक्त पुढच्या युनिटांना. घरातलं मागच्या महिन्याचं बिल घ्या आणि युनिटांवरून रक्कम स्वतः काढून बघा.

फुकट बीजगणित खानदेशात नवीन नाही

हे शिकायचं कुठे, हे बघण्याआधी एक जुनी गोष्ट. धुळे–चाळीसगाव रेल्वेच्या त्या टोकाला, चाळीसगावजवळ पाटणादेवी आहे. तिथे शके ११२८ चा, म्हणजे तेराव्या शतकाच्या सुरुवातीचा एक शिलालेख सापडला. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी इथे मठ काढला, असं त्यात नोंदवलंय. निकुंभ घराण्यातल्या सोइदेवाने त्याला दान दिलं. लेखाच्या शेवटच्या ओळी जुन्या मराठीत आहेत आणि त्यात बाजारातल्या मालावरच्या उत्पन्नाचा आणि तेलघाण्यांतल्या तेलाचा काही भाग मठाला लावून दिलाय. म्हणजे बीजगणित शिकण्याचा खर्च बाजारपेठ उचलत होती!

भास्कराचार्यांनी ११५० मध्ये पूर्ण केलेल्या 'सिद्धांतशिरोमणी'त 'लीलावती' आणि 'बीजगणित' हे दोन भाग आहेत. माहीत नसलेल्या संख्येला ते 'यावत्‌-तावत्‌' म्हणायचे आणि अज्ञात संख्या एकाहून जास्त असतील तर त्यांना रंगांची नावं द्यायचे: कालक, नीलक, पीतक. आपण त्यालाच क्ष आणि य म्हणतो. नाव कोणतंही द्या, माहीत नसलेल्या गोष्टीला नाव देऊन तिच्याशी हिशोब करता येतो, ही मूळ युक्ती आहे. मी रोज जो कोड लिहितो त्यातलं 'व्हेरिएबल' म्हणजेही हेच.

आज फुकटात कुठे शिकाल?

१. ई-बालभारती: सगळ्या इयत्तांची पुस्तकं पीडीएफमध्ये मोफत उतरवून घेता येतात. लाज न वाटू देता खालून सुरू करा: सहावीतलं 'समीकरणे', मग आठवीतलं 'एकचल समीकरणे', मग दहावीच्या गणित भाग १ मधलं 'दोन चलांतील रेषीय समीकरणे'. त्याच पुस्तकातलं 'अर्थनियोजन' हे प्रकरण जीएसटी, शेअर्स आणि एसआयपीवर आहे, ते तर कुणीही वाचावं. एकदा उतरवलं की डेटा लागत नाही.

२. दीक्षा: पुस्तकातला क्यूआर कोड या अॅपने स्कॅन केला की त्या धड्याचं साहित्य उघडतं. वर्गात एखादी पायरी निसटली असेल तर ती भरून काढायला सोपं.

३. खान अकॅडमी: २००८ मध्ये सुरू झालेली ना-नफा संस्था. व्हिडिओपेक्षा तिथले सराव जास्त कामाचे. उत्तर चुकलं की इशारा मिळतो, एकदम उत्तर नाही.

४. फेट: अमेरिकेतल्या कोलोरॅडो विद्यापीठाची मोफत सिम्युलेशन्स, बरीचशी मराठीतही आहेत. 'इक्वॅलिटी एक्सप्लोरर'मध्ये तराजूच्या दोन पारड्यांत वस्तू टाकून समीकरण कळतं. 'त्या बाजूला नेलं की चिन्ह बदलतं' हे पाठ केलेलं असेल, तर ते का बदलतं ते इथे दिसेल: दोन्ही पारड्यांतून तेवढंच काढावं लागतं, म्हणून.

५. जिओजेब्रा: आलेख काढायचं मोफत अॅप. कापसाच्या भावाची रेष त्यात काढा आणि हमीभाव बदलला की रेष कशी सरकते ते बघा.

सगळ्यांकडे स्वतःचा फोन नसतो, हेही खरं आहे. 'असर'च्या आकड्यांत मुलांपेक्षा मुलींकडे स्वतःचा फोन कमी दिसतो. घरात फोन संध्याकाळी तासभरच मिळत असेल तर त्या तासात व्हिडिओ बघण्यापेक्षा पुस्तकाची पानं उतरवून घ्या आणि गणित वहीवर करा.

चॅटबॉटला विचारायचं कसं?

चॅटजीपीटीने जुलै २०२५ मध्ये 'स्टडी मोड' आणला आणि गूगलच्या जेमिनीने ऑगस्टमध्ये 'गाइडेड लर्निंग'. दोन्हींत थेट उत्तराऐवजी उलट प्रश्न विचारत शिकवायचा प्रयत्न असतो. पण मोड कोणताही असो, तुम्ही काय विचारता यावर सगळं आहे. 'हे सोडव' असं लिहिण्याऐवजी असं लिहून बघा:

- 'उत्तर देऊ नको. या व्यवहारात मला कोणकोणते आकडे विचारायला हवेत ते सांग.'
- 'मी समीकरण असं मांडलंय. मांडणी चुकली असेल तर फक्त कुठे ते सांग.'
- 'याच प्रकारचं, पण रिचार्जऐवजी एसटीच्या पासवर एक उदाहरण दे.'

आणि उत्तर आलं की ताळा करा. 'क्ष'ची किंमत मूळ समीकरणात घालून दोन्ही बाजू सारख्या येतात का ते बघा. ९,६२५ × ०.३५३ × ०.५ केलं की १,६९९ येतात, म्हणजे १,७०० च्या जवळ, ठीक आहे. चॅटबॉट चुकीचं उत्तरही अगदी ठामपणे देतो. त्याला पकडायला मोठं गणित लागत नाही, ताळा पुरतो. ही सवय आपल्या आजोबांना पाढ्यांसोबत होतीच.

थोडक्यात

पास व्हायला ३५ लागोत की २०, हा निर्णय शिक्षण खातं घेईल. ज्याला पुढे गणित नको आहे त्याची वाट मोकळी व्हावी, याच्याशी माझं भांडण नाही. पण शाळेने आणि आपणही एक बदल करायला हवा. फोन जे करतो त्याचा सराव थोडा कमी आणि फोन जे करत नाही त्याचा जास्त. वीस समीकरणं सोडवण्यापेक्षा घरातल्या एका बिलाचं समीकरण मांडणं. नाहीतर गुणपत्रिकेवरचा शेरा एकदाच लागेल, पण न मांडलेल्या 'क्ष'चे पैसे दर २८ दिवसांनी जात राहतील.

सुरुवात आजच करता येईल. पुढचा रिचार्ज संपायला किती दिवस राहिलेत ते बघा, तुमच्या प्लॅनची किंमत दिवसांनी भागा आणि दुसऱ्या एका प्लॅनशी तुलना करा. वहीची अर्धी बाजू पुरेल.